आधी मोजू द्या : उत्तर कोरियाच्या सरकारला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, राज्य व्यवहार आयोग,
कोरिया लोकशाही जनवादी प्रजासत्ताक, प्योंगयांग
(नवी दिल्लीतील दूतावासामार्फत)

विषय : संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य कर्मचाऱ्यांना परत येऊ देणे आणि धान्याच्या किरकोळ बाजारावरील बंदी उठवणे

महोदय,

जुलै २०२५ मध्ये आपल्या पूर्व किनाऱ्यावर वोनसान-काल्मा हे पर्यटन केंद्र सुरू झाले. सुमारे वीस हजार पाहुणे राहू शकतील एवढी हॉटेले तिथे उभी आहेत आणि त्याच महिन्यात पहिले रशियन पर्यटक तिथल्या वाळूवर उतरले. रशियन पर्यटकांचे गट तर फेब्रुवारी २०२४ पासूनच आपल्या देशात येत आहेत. स्वीडन आणि पोलंडचे राजनैतिक अधिकारी २०२४ मध्ये परतले, त्या वर्षाच्या अखेरीस आमच्या भारताच्या दूतावासातले कर्मचारीही परतले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न, बालक आणि आरोग्य संस्थांच्या परदेशी कर्मचाऱ्यांना मात्र तेव्हाही परवानगी नव्हती. त्यांच्यापैकी शेवटचे लोक मार्च २०२१ मध्ये प्योंगयांगमधून बाहेर पडले होते.

जानेवारी २०२० मध्ये साथीच्या भीतीने आपण सीमा बंद केल्या, ते समजण्यासारखे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये साथीवर विजय मिळवल्याचे आपणच जाहीर केले. त्यानंतर कोणाला आत घ्यायचे हे आपल्या सरकारने ठरवले. पर्यटकाला आत घेतले आणि धान्य मोजणाऱ्याला, मुलाचे वजन करणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवले. हा निर्णय आम्हाला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

इतक्या लांबच्या देशाच्या चुलीत तुम्ही का डोकावता, असे आपण विचाराल. आम्ही महाराष्ट्रात भातशेती, धान्याची साठवण, रेशन आणि अंगणवाडीचा पोषण आहार या कामांत असलेली माणसे आहोत. टंचाई आमच्या भागाला नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात, मे १९७३ च्या सुमारास, महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख लोक सरकारी कामांवर होते. खडी फोडत होते, नालाबांध घालत होते, पाझर तलाव खणत होते. कामावर सुकडी वाटली जात होती, रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, मिळत होती. त्या मिलोला लोक नावे ठेवत आणि ती तक्रार वर्तमानपत्रांत छापून येई, विधानसभेत गाजे. लोकांचे हाल झाले, गुरे मेली, पण माणसांचे जीव मोठ्या प्रमाणात वाचले. पिके आमचीही गेली होती. पीक गेल्याची आणि पोट रिकामे असल्याची बातमी मंत्रालयापर्यंत पोहोचायला कोणी अडवत नव्हते, हा फरक होता. त्याच कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला.

आणखी एक धागा आहे. जुलै २०२० मध्ये भारताने जागतिक आरोग्य संघटनेमार्फत आपल्याकडे सुमारे दहा लाख डॉलरची क्षयरोगावरची औषधे पाठवली. क्षय आणि उपासमार यांचा संबंध आम्ही रोज पाहतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा शिधा दिला, तेव्हा त्या घरांतल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. आपल्या देशात क्षयाचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. रिकाम्या पोटी दिलेल्या गोळ्यांचे काय होते, हे विचारण्याचा आमचा हक्क आम्ही मानतो.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार मोजणीची, आणि तीच सर्वांत मोठी.

देशात धान्य किती पिकले आणि किती कमी पडणार हे कसे काढतात, ते आपल्या कृषी अधिकाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. २०१९ पर्यंत अन्न व कृषी संघटना आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांची संयुक्त पथके त्यांच्याच बरोबर फिरत होती. सहकारी शेतांचे पेरणीचे आणि काढणीचे आकडे घ्यायचे, ते पावसाच्या नोंदींशी आणि उपग्रहाला दिसलेल्या हिरवाईशी ताडून पाहायचे. साळीचे तांदूळ करायचे, म्हणजे शंभर किलो साळीचे साधारण पासष्ट किलो. चार किलो बटाट्याला एक किलो धान्य धरायचे. मग बियाणे, जनावरांचा खुराक आणि नासाडी वजा करायची आणि उरलेल्याला लोकसंख्येने भागायचे.

हा भागाकार कागदावरचा झाला. खरी स्थिती घरात कळते. आठवड्यात किती दिवस डाळ किंवा सोयाबीन शिजले, तेल किती दिवस होते, अंडे कोणाच्या ताटात गेले, पेजेत पाणी किती वाढले, कोणी जेवण टाळले, या प्रश्नांची उत्तरे टनांच्या तक्त्यात सापडत नाहीत.

आणि शेवटी पट्टी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा डावा दंड मोजायचा. खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत अंतर घ्यायचे, मधोमध खूण करायची, हात सैल सोडायचा आणि त्या खुणेवर पट्टी गुंडाळायची. कातडी दाबली जाता कामा नये आणि पट्टी लोंबताही कामा नये. घेर १२५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल कुपोषित आहे. ११५ पेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषित आहे आणि त्याला त्याच दिवशी उपचार हवेत. एक चूक इथे नेहमी होते. मुलाच्या अंगावर सूज असेल तर दंड भरलेला दिसतो आणि पट्टी फसते. म्हणून दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहायचे. दोन्हीकडे खड्डा राहिला तर पट्टी काहीही दाखवो, ते मूल गंभीर आहे. या सगळ्याला वीज लागत नाही, मोठे यंत्र लागत नाही. आमच्याकडे अंगणवाडीताई हे काम करतात.

बिघडते ते मूल निवडताना. पथकाने आठवडाभर आधी कळवायचे, यादी अधिकाऱ्याने करायची, बरोबर दुभाषी सरकारचा आणि कोरियन समजणारा परदेशी कर्मचारी चालणार नाही, असे आपले नियम वर्षानुवर्षे होते. ठरवून दाखवलेल्या पाळणाघरात मोजलेला प्रत्येक दंड खरा असतो आणि त्यातून निघालेली टक्केवारी खोटी असते. गावे आणि घरे चिठ्ठ्या टाकून निवडली तरच आकड्याला अर्थ येतो. याच कारणाने १९९८ मध्ये ‘सीमांविना डॉक्टर’ ही संस्था आपल्या देशातून बाहेर पडली आणि २००० मध्ये ‘भूकविरोधी कृती’ ही दुसरी फ्रेंच संस्था. मदत सर्वांत गरजू माणसापर्यंत जाते की नाही हेच पाहता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

मोजणीचा आपल्याला तोटा झाला असेही नाही. पाच वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण १९९८ च्या पाहणीत ६२ टक्के होते, २०१२ मध्ये २८ आणि २०१७ मध्ये १९ टक्के. पद्धती थोड्या वेगळ्या होत्या, तरी दिशा स्पष्ट आहे. ही सुधारणा जगाला कळली ती आपण मोजू दिले म्हणूनच. त्याच २०१७ च्या पाहणीने दाखवले की प्योंगयांगमध्ये १० टक्के मुले खुरटलेली आहेत आणि उत्तरेकडच्या र्यांगगांग प्रांतात ३२ टक्के. एकाच देशातल्या दोन मुलांत एवढे अंतर आहे, ही माहिती कोणत्याही आरोग्यमंत्र्याला हवी असते.

मोजणी थांबल्यापासून जग अंदाजांवर चालते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या अहवालात २०२०-२२ या काळासाठी आपल्या देशातील ४५.५ टक्के लोक, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख, अपुरे खाणारे धरले आहेत. हा आकडा पिकाच्या आणि आयातीच्या अंदाजांवरून गणिताने काढलेला आहे, ताटे पाहून काढलेला नाही. तो आपल्याला चुकीचा वाटत असेल तर खोडून काढण्याचा एकच मार्ग आहे.

दुसरी तक्रार वाटपाची. आपल्या सरकारने स्वतः ठरवलेले लक्ष्य माणशी रोज ५७३ ग्रॅम धान्याचे आहे. जानेवारी २०१९ मध्ये प्रत्यक्षात ३०० ग्रॅम मिळत होते. तीनशे ग्रॅम धान्यातून साधारण १०५० उष्मांक मिळतात. संकटकाळातल्या अन्नमदतीत माणशी रोज २१०० धरतात. म्हणजे निम्मेच. उरलेले निम्मे ज्याने त्याने आपले आपण मिळवायचे.

गणित पुढे नेऊ. २ कोटी ६० लाख लोक, रोज ५७३ ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे ५४ लाख टन. २०१८-१९ चे उत्पादन ४९ लाख टन होते आणि बियाणे, खुराक, नासाडी सगळे धरून तूट निघाली १३ लाख ६० हजार टनांची. मक्याचा भाव टनाला २५० डॉलर धरला तर ही तूट ३४ कोटी डॉलरची होते. ज्या देशाच्या जाहीर अंदाजपत्रकात संरक्षणाचा वाटा सोळा टक्क्यांच्या आसपास असतो, त्याला हा खड्डा भरता येत नाही, हे आम्ही मान्य करू शकत नाही. तूट मोठी आहे, पण आवाक्याबाहेरची नाही. म्हणूनच तिची चीड येते.

तिसरी तक्रार खताची आणि वेळेची. यावर आम्ही थोडे सविस्तर लिहितो, कारण शेतकऱ्याला हे जास्त टोचते.

आपल्याकडे जेमतेम सहावा हिस्सा जमीन लागवडीखाली आहे, बाकी डोंगर. भाताचे कोठार ह्वांगहे आणि प्योंगान या पश्चिमेकडच्या प्रांतांत. थंडी लवकर येते, म्हणून एप्रिलमध्ये प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली रोपे टाकावी लागतात, मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत लावणी संपवावी लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणी. या साखळीत एक कडी निसटली की पुढचे सगळे निसटते. आच्छादनाचे कागद मिळाले नाहीत तर रोपे उशिरा वाढतात, लावणी लांबते, लोंब्या थंडीत सापडतात आणि दाणा पोचट राहतो. नत्र लावणीच्या वेळी आणि फुटवे येताना पडायला हवे. तेच खत जुलैच्या अखेरीस पडले तर पाला माजतो, पीक लोळते, दाणा भरत नाही. सीमा बंद होती त्या वर्षांत खत, प्लॅस्टिकचे कागद, ट्रॅक्टरचे सुटे भाग या तिन्ही वस्तू अडकल्या. खत मिळाले की नाही यापेक्षा कधी मिळाले याचा हिशेब आपल्याकडे कोण ठेवतो?

वेळेवर पडलेल्या एक किलो नत्रातून साधारण दहा ते वीस किलो साळ जास्त येते. आमच्याकडच्या पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या गोणीत वीस किलोच्या वर नत्र असते, म्हणजे एका गोणीमागे किमान दोन क्विंटल साळ. कमीत कमी धरले तरी साडेचार लाख टन युरिया वेळेवर आणि पाण्यासह शेतात पडला तर वर सांगितलेली १३ लाख ६० हजार टनांची तूट जवळजवळ भरून निघण्याइतके धान्य येऊ शकते. धान्य आणण्यापेक्षा खत आणणे स्वस्त पडते आणि बोटीतली जागाही कमी लागते.

हंगनाम आणि नामहंग इथे आपले खत कारखाने आहेत. कोळशापासून वायू, वायूपासून अमोनिया, अमोनियापासून युरिया, या प्रक्रियेला अखंड वीज लागते. मध्येच वीज गेली की दाब पडतो, भट्ट्या थंडावतात, पुन्हा सुरू करायला दिवस जातात. ही उणीव भरून काढायला दर जानेवारीत माणशी ठरवून दिलेले सोनखत (माणसाच्या विष्ठेचे खत) गोळा करण्याची मोहीम लावली जाते, शहरातल्या लोकांना आणि विद्यार्थ्यांनाही. सोनखताने जमिनीचा कस सुधारतो, हे आम्हीही मानतो. पण त्यात नत्र फारच थोडे असते आणि नीट कुजवले नाही तर भाजीबरोबर जंत घराघरात जातात. उपाशी मुलाच्या पोटात जंत म्हणजे खाल्लेल्या घासातही वाटेकरी.

कापणीनंतरही धान्य जाते. पेंढ्या बांधावर वाळतात, बैलगाडीने खळ्यावर येतात आणि मळणीयंत्र विजेची वाट पाहत उभे राहते. तोवर पाऊस येतो, उंदीर येतात. ओलावा चौदा टक्क्यांच्या वर असताना गोणीत भरलेले धान्य आतून तापते आणि बुरशी धरते. शेतात पिकलेले, हिशेबात धरलेले आणि कोणाच्याही पोटात न गेलेले असे हे धान्य असते. डिझेलवर चालणारी छोटी मळणीयंत्रे आणि वाळवणीचे साधे ओटे एवढ्यानेही यातले बरेच वाचते.

चौथी तक्रार बाजाराची. १९९० च्या दशकात सोव्हिएत संघ कोसळला, स्वस्त तेल थांबले, पंप आणि कारखाने बंद पडले, त्यावर ऑगस्ट १९९५ चे पूर आले. शिध्याची गाडी येईनाशी झाली. किती माणसे गेली यावर आजही वाद आहे. बऱ्याच अभ्यासकांचा अंदाज सहा ते दहा लाखांचा आहे, काहींचा त्याहून कमी, काहींचा कितीतरी जास्त. शिध्याची वाट पाहत घरी बसलेले, नियम पाळणारे लोक आधी गेले, असे वाचलेले लोक सांगतात. आपण त्या वर्षांना ‘खडतर कूच’ म्हणता.

जे तगले त्यांतल्या अनेकांना बायकांनी तगवले. त्यांनी रस्त्याकडेला फडके अंथरले आणि त्यावर मूठभर मका, चार अंडी, घरचे कपडे मांडले. त्यातून ‘जांगमादांग’ उभे राहिले. त्या बाजारातले दोन पदार्थ आम्हाला विसरता येत नाहीत. सोयाबीनचे तेल काढल्यावर उरलेली पेंड, जी आम्ही जनावरांपुढे ठेवतो, ती दळून, ओली करून, यंत्रातून दाबून पातळ पट्ट्या काढायच्या, त्यांत भात गुंडाळायचा आणि वरून तिखट चटणी लावायची. त्याला ‘इन्जोगोगी’ म्हणतात, म्हणजे कृत्रिम मांस. दुसरा ‘सोक्तोजोन-तोक’. मक्याचे पीठ आधीच उष्णतेने फुलवून ठेवलेले असते, त्यात नुसते पाणी घालून मळायचे आणि उंडा तसाच खायचा. सरपण लागत नाही. ज्या घरात धान्यही नाही आणि जळणही नाही त्या घरासाठीची ही युक्ती आहे. उपाशी देशाचे एवढे शहाणपण कोणत्याही सरकारने जपून ठेवायला हवे होते.

आपण काय केले? ऑक्टोबर २००५ मध्ये धान्याच्या खाजगी विक्रीवर बंदी घातली. ३० नोव्हेंबर २००९ ला शंभर जुने वॉन म्हणजे एक नवा वॉन असे जाहीर केले आणि किती पैसे बदलून मिळतील त्यावर मर्यादा घातली. एका रात्रीत त्या बायकांचे भांडवल कागद झाले. भाव भडकले आणि काही महिन्यांत माघार घ्यावी लागली. आणि आता गेल्या काही वर्षांपासून सरकारी धान्य दुकाने काढून खाजगी धान्यविक्री पुन्हा बंद केली जात आहे. दुकानात भाव थोडा कमी असतो, हे खरे. पण माल ठरावीक दिवशी, ठरावीक वजनाचा आणि नोंदणी असलेल्यालाच. तो संपला की शेजारी विकणारी बाई आता बसलेली नसते. भाताचा खरेदीभाव कमी म्हणून शेतकरी धान्य लपवतो, लपवतो म्हणून झडती येते, झडती येते म्हणून पुढच्या वर्षी तो कष्ट कमी करतो. २०१२ नंतर छोट्या गटांना शेताचा तुकडा देऊन ठरलेला वाटा काढल्यावर उरलेले त्यांचे, असे आपणच मान्य केले होते. ते वचन पाळले असते तर झडतीची वेळ आली नसती. २०२३ च्या सुरुवातीला टंचाईच्या बातम्या आल्या आणि फेब्रुवारीच्या अखेरीस शेतीवर पक्षाची खास बैठक बोलवावी लागली.

पाचवी तक्रार सीमेची. ऑगस्ट २०२० मध्ये चीनलगतच्या उत्तर सीमेवर एक ते दोन किलोमीटरचा पट्टा आखून त्यात विनापरवाना शिरणाऱ्याला गोळी घालण्याचा आदेश निघाला. यालू आणि तुमेन नद्यांवरून होणारी चोरटी ने-आण हा त्या बाजूच्या घरांचा शिधाच होता. ती बेकायदा होती, पण तिच्या जागी दुसरे काहीही दिले नाही. र्यांगगांगची ३२ टक्के मुले याच सीमेच्या अलीकडे वाढतात.

सहावी तक्रार भेदाची. २०१४ मध्ये न्यायमूर्ती मायकेल कर्बी यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने नोंदवले की आपल्याकडे घराण्याच्या राजकीय निष्ठेवरून, ज्याला ‘सोंगबुन’ म्हणतात, माणसाची जागा ठरते आणि अन्नही त्याच उतरंडीने पोहोचते. हे आरोप आपण नाकारलेत. पण जानेवारी २०२४ मध्ये राजधानीबाहेरच्या जनतेला जगण्याच्या साध्या वस्तूही पुरवता येत नाहीत, हा गंभीर राजकीय प्रश्न आहे, असे आपण स्वतः म्हणालात. त्या वाक्याला आम्ही धरून आहोत. दरवर्षी वीस तालुक्यांत कारखाने उभारायची आपली योजना चांगली असेल. कारखान्यातल्या कामगाराला दुपारी काय मिळते, हा प्रश्न तिच्याही आधीचा आहे.

मदत नाकारण्याबद्दल थोडे. २०१९ मध्ये दक्षिण कोरियाने जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत देऊ केलेला ५० हजार टन तांदूळ आपण घेतला नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस सिनुइजूला पूर आला तेव्हाही बाहेरची मदत नको म्हटले. स्वाभिमान आम्हाला कळतो. मिलो खाताना आमच्याही लोकांना लाज वाटली होती. पण लाज वाटून घ्यायची ती सरकारने, आणि घास जायचा मुलाच्या तोंडात. मुलाच्या वतीने घास नाकारण्याचा अधिकार कोणाला नाही. आपले सरकार १९८१ पासून आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला आणि १९९० पासून बालहक्क कराराला बांधील आहे. पहिल्या कराराचे अकरावे कलम भुकेपासून मुक्त असण्याच्या हक्काचे आहे.

निर्बंधांचे काय, असे आपण म्हणाल आणि तो प्रश्न योग्य आहे. संयुक्त राष्ट्र सुरक्षा परिषदेच्या डिसेंबर २०१७ च्या ठरावाने शुद्ध तेलाच्या पुरवठ्यावर वर्षाला पाच लाख पिंपांची मर्यादा घातली आणि यंत्रसामग्रीवर सरसकट बंदी आणली. सिंचनाचा पंप, मळणीयंत्र आणि त्यांचे सुटे भाग त्यातच अडकले. मदत संस्थांना एकेका वस्तूच्या सवलतीसाठी महिनोन् महिने थांबावे लागले. हे चूक आहे आणि या पत्राची प्रत सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीला पाठवताना आम्ही तसे स्पष्ट लिहीत आहोत : पंप, मळणीयंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि शेतीचे प्लॅस्टिक यांना कायमची सवलत द्या, दर वेळी अर्ज करायला लावू नका. मात्र निर्बंधांनी कोणत्याही आरोग्य कर्मचाऱ्याला आपल्या देशात येण्यापासून रोखलेले नाही. रस्त्याकडेला मका विकणाऱ्या बाईवरही त्यांची बंदी नाही. हे दोन निर्णय प्योंगयांगमध्ये झाले आहेत आणि तिथेच बदलू शकतात.

आमच्या मागण्या अशा.

१. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न, बालक आणि आरोग्य संस्थांच्या परदेशी कर्मचाऱ्यांना तारीख जाहीर करून परत बोलवा. त्यांत कोरियन बोलणारे लोक असू द्या.

२. पुढच्या हंगामाआधी सर्व प्रांतांत पोषण पाहणी होऊ द्या. घरे चिठ्ठीने निवडली जावीत आणि पथकाला गाव चोवीस तासांहून आधी सांगावे लागू नये. र्यांगगांग, उत्तर व दक्षिण हामग्यांग हे प्रांत वगळू नयेत, बंदिवासातल्या माणसांनाही वगळू नये. निकाल आपल्याला आणि जगाला एकाच दिवशी कळावेत.

३. घरगुती गरजेपुरत्या धान्याच्या खरेदी-विक्रीवरची बंदी उठवा. सरकारी दुकाने चालू ठेवा, त्यांच्या शेजारी फडके अंथरणाऱ्या बाईला बसू द्या. शेतकऱ्याचा ठरलेला वाटा पेरणीआधी लेखी द्या आणि कापणीनंतर बदलू नका.

४. सीमेवरचा गोळीबाराचा आदेश मागे घ्या.

५. खत आणि प्लॅस्टिकची आयात धान्याइतकीच तातडीची माना. कोणत्या तालुक्यात किती गोण्या कोणत्या तारखेला पोहोचल्या, ते जाहीर करा.

६. गरोदर आणि स्तनदा माता, पाच वर्षांखालील मुले आणि क्षयरुग्ण यांचा शिधा लष्कराच्या शिध्याआधी राखून ठेवा.

कोरियात वसंतातल्या टंचाईला ‘पोरितगोगे’ म्हणतात, सातूची खिंड. गेल्या वर्षीचे धान्य संपलेले आणि सातू अजून हिरवे, अशी ती एप्रिल ते जूनची चढण. पथके फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत पोहोचली तर ती चढण सुरू होण्याआधी कोणत्या तालुक्यात किती मुले ११५ मिलिमीटरच्या खाली आहेत ते कळेल आणि खत एप्रिलच्या अखेरीस शेताच्या कडेला असेल तर पुढच्या वर्षीची चढण थोडी लहान होईल. फेब्रुवारीची तारीख आपण जाहीर करावी. आम्ही वाट पाहत आहोत.

आपले,
महाराष्ट्रातील शेती, धान्यवितरण आणि बालपोषण क्षेत्रात काम करणारे नागरिक

प्रत : निर्बंध समिती, संयुक्त राष्ट्र सुरक्षा परिषद, न्यूयॉर्क, परराष्ट्र मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली